झोळी, पट्टी आणि जाळी

माझी एक मैत्रीण दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वय पंचेचाळिशीच्या पुढे, दोन बाळंतपणे झालेली. गेली काही वर्षे ती क्रीडादिनाला मैदानात उतरत नाही. शाळेची सहल वणीच्या गडावर गेली, तेव्हा "गुडघा दुखतो" असे सांगून ती पायथ्याशीच थांबली. खरे कारण तिने मला गेल्या हंगामात, तिच्या घरच्या द्राक्षबागेच्या बांधावर बसून सांगितले. खोकला आला, शिंक आली, मुलांच्या एखाद्या उत्तरावर खळखळून हसू आले, की लघवीचे काही थेंब निसटतात. जिना उतरताना आणि पाण्याची बादली उचलताना तेच. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ होते, म्हणून ती आता गडद रंगाच्याच साड्या नेसते.

"डॉक्टर म्हणतात, एक पट्टी बसवू, अर्ध्या तासाचं काम. पण तशीच पट्टी बसवलेल्या परदेशातल्या बायका कोर्टात गेल्या म्हणे. तू वाचतेस ना, सांग मला, हे सुरक्षित आहे की नाही?"

मी डॉक्टर नाही. तिला "हो" किंवा "नाही" असे उत्तर देणे मला जमले नाही. पण या पट्टीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईत लिहिला गेला आहे, हे वाचताना लक्षात आले. 'सुरक्षित' हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो, हेही कळले. तिला जे सांगितले, तेच इथे जरा सविस्तर मांडते आहे.

ताण कोणता?

या दुखण्याचे इंग्रजी नाव 'स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स'. यातला 'स्ट्रेस' म्हणजे मनावरचा ताण नव्हे. ताण पडतो तो पोटातल्या दाबाचा. आपण खोकतो तेव्हा पोटाचे स्नायू आणि छाती-पोटामधला पडदा एकदम आवळले जातात. पोटाच्या पोकळीतला दाब क्षणात वाढतो आणि तो मूत्राशयावरही पडतो. मूत्राशयातले पाणी बाहेर जाऊ पाहते. त्याला अडवण्याचे काम मूत्रमार्गाचे. स्त्रियांमध्ये हा मार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो.

मग एरवी लघवी निसटत का नाही? याचे एक उत्तर जॉन डीलान्सी या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञाने १९९४ मध्ये मांडले. आपल्या बागायतदारांना ते लगेच पटेल. ठिबकची रबरी नळी कडक मुरमावर असेल आणि तिच्यावर पाय पडला, तर नळी चपटी होते, पाणी थांबते. तीच नळी भुसभुशीत मातीवर असेल, तर पायाखाली ती मातीत दबते आणि पाणी वाहतच राहते. मूत्रमार्गाच्या खाली स्नायू आणि चिवट ऊतींची एक झोळी असते. झोळी ताठ असेल, तर पोटातला दाब मूत्रमार्गाला तिच्यावर दाबून बंद करतो. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, काही वेळा फाटते, आणि वयाबरोबर सैल पडते. मग आधार उरत नाही, आणि नळी बंद होत नाही.

लघवी निसटण्याचा दुसराही एक प्रकार आहे. त्यात मूत्राशयाचा स्नायूच अवेळी आकुंचन पावतो. एकदम घाई होते आणि बाथरूमपर्यंत पोहोचता येत नाही. झोळी दुरुस्त करून हा दुसरा प्रकार बरा होत नाही, उलट काही वेळा वाढतो. काहीजणींना दोन्ही त्रास असतात. म्हणून निदान नीट न करता केलेली शस्त्रक्रिया पहिल्या पायरीलाच असुरक्षित ठरते.

निदान व्हायचे तर आधी कोणाला तरी सांगावे लागते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेली पाहणी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. पण त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. ही पाहणी मूत्रगळतीपुरती नव्हती, पण स्त्रियांचे मौन किती खोल असते ते तिने आकड्यांत दाखवले. हे मौन पुढे या कथेत पुन्हा भेटणार आहे.

स्वतःच्या शरीरातली झोळी

फाटलेली झोळी शिवता येत नसेल, तर नवी बांधावी, ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. १९०७ मध्ये इटलीच्या जोर्दानो यांनी मांडीतला एक लांब स्नायू मूत्रमार्गाभोवती गुंडाळून पाहिला. १९१० मध्ये जर्मनीत गोबेल यांनी ओटीपोटाच्या समोरचा एक छोटा स्नायू वापरला. फ्रांगेनहाइम आणि श्टोकेल या त्यांच्या देशबांधवांनी १९१४ आणि १९१७ मध्ये त्यात सुधारणा केल्या. स्नायू जिवंत राहायला रक्तपुरवठा लागतो. तो तुटला की स्नायू सुकतो. म्हणून शल्यवैद्यांचे लक्ष स्नायूवरच्या पांढऱ्या, चिवट आवरणाकडे गेले. हे आवरण पातळ पण भक्कम असते.

१९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑल्ड्रिज यांनी पोटाच्या पुढच्या भिंतीतल्या अशा आवरणाच्या दोन पट्ट्या काढल्या. त्यांची एकेक बाजू पोटाला जोडलेलीच ठेवली आणि मोकळी टोके मूत्रमार्गाखाली आणून एकत्र शिवली. ही झाली खरी झोळी. पोट आवळले की पट्ट्या वर खेचल्या जाव्यात आणि मूत्रमार्ग नेमका दाबाच्या क्षणी बंद व्हावा, असा तिच्यामागचा विचार.

ही झोळी शरीराचीच असल्याने शरीर ती नाकारत नव्हते. पण तिचीही किंमत होती. पोटावर किंवा मांडीवर मोठा छेद, भूल, अनेक दिवसांचे रुग्णालय, आणि झोळी जास्त घट्ट बसली तर लघवीच न होणे. अमेरिकेत ६५५ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. तिच्यात या झोळीची तुलना १९६१ पासून रूढ असलेल्या बर्च यांच्या, टाके घालून मूत्रमार्गाचा परिसर वर उचलण्याच्या शस्त्रक्रियेशी केली होती. दोन वर्षांनंतर ताणाची गळती थांबलेल्या स्त्रिया झोळीच्या गटात ६६ टक्के होत्या आणि बर्चच्या गटात ४९ टक्के. पण लघवी करण्यात अडचण आलेल्या स्त्रिया झोळीच्या गटात १४ टक्के, तर बर्चच्या गटात २ टक्के. गुण जास्त, त्रासही जास्त. जुने ते सगळे निर्धोक होते, असा समज करून घेऊ नये, म्हणून हे आकडे दिले.

मुंबईतला अध्याय

झोळीचीच कल्पना मुंबईत एका शेजारच्या दुखण्यासाठी वापरली गेली. ते दुखणे म्हणजे अंग बाहेर येणे. लवकर लग्न, पाठोपाठ बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच कष्टाची कामे. अशा स्त्रियांचे गर्भाशय तरुण वयातच खाली उतरत असे. गर्भाशय काढून टाकणे हा एक इलाज होता. पण पंचविशीतल्या, अजून मूल हवे असलेल्या बाईला तो कसा सांगायचा?

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ मध्ये गोव्यातल्या शिरोडा गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले आणि पुढे तिथेच प्राध्यापक झाले. गर्भाशयाचे तोंड अवेळी उघडून गर्भपात होऊ नये म्हणून घालायच्या 'शिरोडकर टाक्या'मुळे त्यांचे नाव जगभर गेले. हा टाका त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यासाठी त्यांनी वापरली होती मांडीतल्या आवरणाची पट्टी, म्हणजे रोग्याच्या स्वतःच्या शरीरातलीच. नंतर अशा कामांसाठी मर्सिलीनची पट्टी रूढ झाली. मर्सिलीन म्हणजे पॉलिएस्टर. टेरिलिनचे कापड आपण वापरले आहे, त्याच कुळातला धागा.

उतरलेल्या गर्भाशयासाठी शिरोडकरांनी जी झोळीची शस्त्रक्रिया बसवली, तिच्यात पोट उघडून पट्टीचे मधले अंग गर्भाशयमुखाच्या मागे शिवतात आणि टोके मागे नेऊन माकडहाडाच्या वरच्या हाडाला, म्हणजे त्रिकास्थीला, बांधतात. डाव्या बाजूला मोठे आतडे आड येते, म्हणून तिथे पट्टी एका स्नायूतून वळवून न्यावी लागते. निसर्गाने मागच्या बाजूला दिलेल्या बंधांचीच ही नक्कल आहे. मुंबईचेच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी १९६० च्या दशकात दुसरी वाट काढली. त्यांनी गर्भाशयमुख पुढच्या बाजूने, पोटाच्या भिंतीतल्या आवरणाच्या पट्ट्यांनी टांगले. पोट आवळले की गर्भाशय वर खेचले जाते. ऑल्ड्रिज यांच्या झोळीचीच युक्ती, पण दुसऱ्या अवयवासाठी. पुढे या शस्त्रक्रियेतही मर्सिलीनची पट्टी वापरली जाऊ लागली.

सुरक्षिततेच्या दृष्टीने या अध्यायातून दोन गोष्टी शिकायला मिळतात. पहिली, हाताची. शिरोडकरांची शस्त्रक्रिया शरीररचनेला धरून असली तरी करायला अवघड आहे. मूत्रपिंडाकडून येणारी नळी, मोठ्या रक्तवाहिन्या, आतडे ही सगळी शेजारीच असतात. म्हणजे धोका केवळ पट्टीत नसतो, ती बसवणाऱ्या हाताच्या सरावातही असतो. दुसरी गोष्ट, वाटेची. मुंबईच्या या पट्ट्या पोटाच्या बाजूने, निर्जंतुक पोकळीतून बसवल्या जात. योनीमार्गात नेहमीच जंतूंचा वास असतो. परका धागा त्या वाटेने आत नेला तर काय होईल, हा वेगळाच प्रश्न होता.

धाग्यांमधली जागा

तो प्रश्न मूत्रमार्गाच्या झोळीपुढे उभा राहिला. ऑक्सफर्डच्या चॅसर मॉयर यांनी १९६८ मध्ये मर्सिलीनच्या जाळीदार कापडाची झोळी वर्णन केली. मांडीवर छेद नको, पट्टी तयार मिळते, सगळ्यांना सारख्या मापाची. पण अशा कृत्रिम झोळ्यांना जंतुसंसर्ग होणे, पट्टी कातडी फोडून योनीत किंवा मूत्रमार्गात डोकावणे, हे प्रकार दिसू लागले.

याचे कारण वर्गात फळ्यावर काढून दाखवता येईल इतके सोपे आहे. जंतू साधारण एक मायक्रॉनचा असतो. त्याला गिळणारी आपली पांढरी पेशी दहा मायक्रॉनच्या आसपास, किंवा मोठी. अनेक बारीक तंतू पिळून केलेल्या धाग्यात तंतूंमधल्या फटी दहा मायक्रॉनहून लहान असतात. जंतू आत शिरतो, पोलीस बाहेरच राहतो! याउलट एकेरी तंतूची, ७५ मायक्रॉनपेक्षा मोठ्या छिद्रांची जाळी असेल, तर पांढऱ्या पेशी, रक्तवाहिन्या आणि नवी ऊती तिच्यातून आरपार वाढतात. पॉलिप्रॉपिलीनच्या अशा जाळ्या हर्नियासाठी १९६० च्या दशकापासून वापरात होत्या.

स्वीडनच्या उप्साला इथले उल्फ उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर पेट्रोस यांनी १९९० मध्ये मूत्रमार्गाच्या आधाराचा नवा सिद्धांत मांडला. आधार मूत्राशयाच्या तोंडाशी नको, मूत्रमार्गाच्या मध्यावर हवा, आणि तोही सैलसर, असे त्यांचे म्हणणे. त्यातून आली सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची पॉलिप्रॉपिलीनची पट्टी. योनीत लहानसा छेद घ्यायचा, दोन लांब सुयांनी पट्टीची टोके जघनास्थीच्या मागून वर पोटाच्या कातडीपर्यंत न्यायची, आणि कुठेही टाका न घालता सोडून द्यायची. जाळीत ऊती वाढून पट्टी आपोआप धरली जाते. जागा तेवढी बधिर करून हे होई, आणि बाई एक-दोन दिवसांत घरी. १९९६ मध्ये उल्मस्टेन आणि सहकाऱ्यांनी ७५ स्त्रियांचे दोन वर्षांचे अनुभव प्रसिद्ध केले. ८४ टक्के पूर्ण बऱ्या झाल्या होत्या आणि पट्टी नाकारली गेल्याचे एकही उदाहरण नव्हते. जगभर या पट्टीचे स्वागत झाले.

द्राक्षबागेतले एक उदाहरण इथे आठवते. वेलीचे खोड तारेने बांधले आणि तार सोडायची राहिली, तर खोड जाड होता होता तार गिळते. मग ती काढायची म्हणजे खोडच चिरावे लागते. पट्टीत ऊती वाढतात म्हणूनच ती काम करते. आणि ऊती वाढतात म्हणूनच, पुढे त्रास झाला तर ती पूर्ण काढणे अतिशय कठीण होते. तिचा गुण आणि तिचा धोका एकाच गोष्टीतून येतात.

जाळीचा बाजार

पट्टीला परवानगी कशी मिळाली, हीसुद्धा एक शिकण्यासारखी कथा आहे. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने वैद्यकीय साधनांसाठी एक आखूड वाट ठेवली होती. नवे साधन आधीच्या एखाद्या साधनाशी बऱ्याच अंशी सारखे आहे, एवढे दाखवले की पुरे. रोग्यांवर स्वतंत्र चाचणी बहुधा लागत नसे. १९९८ मध्ये उल्मस्टेन यांची पट्टी याच वाटेने आली. तिच्यासाठी 'आधीचे साधन' म्हणून दाखवले होते प्रोटेजेन नावाच्या पॉलिएस्टरच्या झोळीला. आणि ती प्रोटेजेन झोळी, जखमा न भरणे आणि झोळी बाहेर डोकावणे अशा तक्रारींमुळे १९९९ च्या जानेवारीत बाजारातून परत बोलावली गेली! ज्याच्या ओळखीवर पाहुणा घरात आला, त्यालाच वर्षभरात घराबाहेर काढले. पाहुणा मात्र राहिला. पाहुणा तुलनेने बरा निघाला, हे नशीब. पण त्याच वाटेने पुढे इतरही आले. त्यातली ऑबटेप नावाची पट्टी उष्णतेने दाबून केलेली, बारीक छिद्रांची होती. वर सांगितलेला जंतू आणि पेशीचा हिशेब तिने मोडला, आणि २००६ मध्ये तिची विक्री थांबली.

त्याच काळात पट्टीच्या यशावर स्वार होऊन तिच्याहून कितीतरी मोठ्या जाळ्या आल्या. अंग बाहेर येण्यावर इलाज म्हणून त्या योनीमार्गातून बसवल्या जाऊ लागल्या. मुंबईच्या शल्यवैद्यांनी ज्या दुखण्यासाठी पोटाची वाट धरली होती, तिथे ही दुसरी वाट. मोठी जाळी, जंतूंचा मार्ग, आणि थोडक्या प्रशिक्षणानंतर ती बसवणारे अनेक हात.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने पहिला इशारा २००८ मध्ये दिला. २००८ ते २०१० या तीन वर्षांत त्यांच्याकडे २,८७४ तक्रारी आल्या. त्यातल्या १,५०३ अंग बाहेर येण्यासाठीच्या जाळ्यांच्या, तर १,३७१ मूत्रगळतीच्या पट्ट्यांच्या होत्या. सततचे दुखणे, संबंधाच्या वेळी वेदना, रक्तस्राव, पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया, अशा या तक्रारी. पुढे अमेरिकेत दोन्ही प्रकारच्या जाळ्यांवरून उत्पादकांविरुद्ध एक लाखाहून जास्त दावे दाखल झाले. स्कॉटलंडने २०१४ मध्ये या शस्त्रक्रिया थांबवण्यास सांगितले. इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये मूत्रगळतीच्या पट्टीसह त्या थांबवण्यात आल्या. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेने अंग बाहेर येण्यासाठीच्या, योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री बंद केली. मूत्रगळतीच्या अरुंद पट्टीला आणि पोटातून बसवायच्या जाळीला तो आदेश लागू नव्हता. माझ्या मैत्रिणीने जे वाचले होते, त्यात या तिन्ही गोष्टी एकाच नावाखाली मिसळलेल्या होत्या.

इंग्लंडमध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल जुलै २०२० मध्ये आला. अनेक स्त्रियांनी समितीला सांगितले, की आपले दुखणे डॉक्टरांनी 'बायकांचे नेहमीचेच' म्हणून झटकून टाकले. आणि देशात नेमक्या किती स्त्रियांना जाळी बसवली, त्यातल्या किती त्रासात आहेत, याची पूर्ण नोंदच कोणाकडे नव्हती.

अंश आणि छेद

आता आकड्यांकडे वळू. गणिताच्या शिक्षकांनी हा भाग जरूर वर्गात घ्यावा.

उल्मस्टेन यांच्या ७५ स्त्रियांत पट्टी नाकारली गेल्याचे एकही उदाहरण नव्हते. म्हणून धोका शून्य का? समजा, दर शंभरात चार स्त्रियांना तो त्रास खरोखर होतो. तरी ७५ जणींत तो एकीलाही न दिसण्याची शक्यता ०.९६ चा ७५ वा घात, म्हणजे सुमारे ०.०५ येते. वीस वेळा अशी पाहणी केली तर एखादवेळी असे घडणारच. थोडक्यात, ७५ स्त्रियांची निर्दोष पाहणी चार टक्क्यांपर्यंतचा धोका पोटात लपवू शकते. इथे छेद माहीत आहे, पण तो लहान आहे, आणि काळही दोनच वर्षांचा.

२,८७४ तक्रारींचे उलट. तिथे अंश आहे, छेद नाही. एकूण किती स्त्रियांना जाळी बसवली आणि किती जणींनी तक्रारच केली नाही, हे त्या आकड्यात नाही. त्यावरून धोका टक्क्यांत सांगता येत नाही. काहीतरी गंभीर घडते आहे, एवढेच कळते.

अंश आणि छेद दोन्ही असलेली मोठी पाहणी २०१८ मध्ये आली. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २००६ ते २०१५ या काळात मूत्रगळतीची पट्टी बसवलेल्या ९५,०५७ स्त्रियांच्या नोंदी तिच्यात तपासल्या होत्या. पट्टी पूर्ण किंवा अंशतः काढावी लागण्याचे प्रमाण पहिल्या वर्षी १.४ टक्के, पाच वर्षांपर्यंत २.७ टक्के आणि नऊ वर्षांपर्यंत ३.३ टक्के निघाले. म्हणजे नऊ वर्षांत साधारण तिशीत एक. निम्म्याहून जास्त वेळा ही गरज पहिल्या वर्षानंतर उभी राहिली. एका वर्षाची चाचणी पाहून समाधान मानणाऱ्याला ती दिसलीच नसती. शिवाय हा आकडा पट्टी काढलेल्यांचा आहे. दुखणे सोसत घरी राहिलेल्या, किंवा "असंच असतं" हे ऐकून परत गेलेल्या स्त्रिया यात मोजलेल्या नाहीत. गडचिरोलीतले मौन इंग्लंडच्या नोंदवहीतही असते.

दुसरीकडे, तीसपैकी एकोणतीस जणींची पट्टी नऊ वर्षांत काढावी लागली नाही, हेही खरे आहे. त्यातल्या पुष्कळ जणी पुन्हा मोकळेपणाने हसू लागल्या असतील. पट्टी बसवण्याच्या दोन वाटा आहेत, जघनास्थीच्या मागून आणि मांडीच्या बाजूने. अमेरिकेत ५९७ स्त्रियांवर झालेल्या तुलनेत (२०१०) वर्षभरानंतर तपासणीतला गुण पहिल्या वाटेने ८०.८ टक्के, तर दुसरीने ७७.७ टक्के होता. पहिल्या वाटेने लघवी अडून पुन्हा शस्त्रक्रिया लागलेल्या २.७ टक्के, दुसऱ्या वाटेने एकही नाही. मात्र मांडीतला अशक्तपणा किंवा बधिरपणा दुसऱ्या वाटेने दुपटीहून जास्त. एक धोका कमी करावा तर दुसरा वाढतो.

मैत्रिणीला काय सांगितले?

सर्वात आधी सांगितले, की सर्वात सुरक्षित इलाजात सुरीच नाही. लॉस एंजेलिसच्या अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम सुचवला. लघवी मध्येच थांबवताना जे स्नायू आवळले जातात, तेच आवळायचे, काही सेकंद धरायचे, सोडायचे. (ओळख पटली की व्यायाम लघवी करताना करायचा नाही.) रोज, निदान तीन महिने. २०१८ मध्ये अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. ताणाची गळती असलेल्या आणि हा व्यायाम केलेल्या ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. न केलेल्यांत ६ टक्के. व्यायाम शिकवणारे कोणी हवे, कारण अनेकजणी चुकून पोट किंवा मांड्या आवळतात.

व्यायामाने भागले नाही, तर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही दोघींनी बसून लिहिले. माझी गळती ताणाची, घाईची, की दोन्ही? पट्टी कृत्रिम, की माझ्याच शरीरातली? कोणती वाट, आणि का? तुम्ही अशा किती केल्यात, आणि नंतर किती जणींना परत बोलावून पाहिलेत? मूत्राशयाला सुई लागली नाही ना, हे दुर्बिणीने तपासणार का? त्रास झाला तर पट्टी काढणारे कोण आहे, आणि ते कुठे? शेवटचे म्हणजे, पट्टीचे नाव आणि तिचा बॅच क्रमांक मला लेखी मिळेल का?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण सगळ्या इतिहासाचे सार त्यात आहे. भारतात वैद्यकीय साधनांमुळे होणाऱ्या त्रासाच्या नोंदीचा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये गाझियाबादच्या औषधसंहिता आयोगाकडे सुरू झाला. वैद्यकीय साधनांचे स्वतंत्र नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. वही उघडली आहे. पण जिच्याकडे कोणती पट्टी बसवली याचा कागदच नाही, तिची नोंद त्या वहीत कशी होणार? आणि जिला सांगायचीच लाज वाटते, तिची तर मुळीच नाही.

म्हणून सुरक्षितता ही पट्टीच्या वेष्टनावर छापलेली वस्तू नव्हे. कोणासाठी, कशाच्या तुलनेत, कोणाच्या हातून आणि किती वर्षे पाहून, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. शिरोडकर आणि पुरंदरे यांनी आपल्याच भागातल्या स्त्रियांचे दुखणे पाहून उपाय शोधले. त्या उपायांची परीक्षा मात्र एकट्या शल्यवैद्याला घेता येत नाही. त्यासाठी बोलणाऱ्या स्त्रिया हव्यात आणि ते लिहून ठेवणारे कोणीतरी हवे.

उत्सर्जन संस्थेचा धडा आपण शिकवतो. मूत्रपिंडाची आकृती काढतो, नावे देतो आणि मूत्रमार्गाशी येऊन थांबतो. त्याखालची झोळी आकृतीत नसते. यंदा माझ्या मैत्रिणीने नववीच्या मुलींच्या तुकडीत ती काढली आणि ठिबकच्या नळीचे उदाहरण दिले. मधल्या सुट्टीत एक मुलगी हळूच येऊन म्हणाली, "बाई, माझ्या आईला असं होतं. यावर औषध असतं का?"

मैत्रिणीचा व्यायामाचा दुसरा महिना सुरू आहे. पट्टीचे तिने अजून ठरवलेले नाही. प्रश्नांचा कागद मात्र तिने त्या मुलीला उतरवून दिला.